नवरा बदलला, की त्याच्या भोवतीची माणसं बदलली?

तुमचा प्रश्न नीट वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही ठाण्यात, नौपाड्यात वाढलात, नोकरी करता. नवरा कोपरखैरण्यात वाढलेला, मूळ गाव पाटण तालुक्यातलं, वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. प्रेमविवाह, जात वेगळी. लग्नानंतर ऐरोलीत भाड्याने राहिलात, तेव्हा स्वयंपाकापासून कपडे वाळत घालण्यापर्यंत सगळं दोघं मिळून करत होतात. वर्षभरापूर्वी घणसोलीत स्वतःचा फ्लॅट घेतला, सासू-सासरे आणि निम्मी भावकी हाकेच्या अंतरावर आली, आणि तोच माणूस आता जेवून उठताना स्वतःचं ताटही उचलत नाही. गावचे लोक न कळवता येतात. यात्रेची वर्गणी तुम्हाला न विचारता जाते. तुमची आई आली की अवघडून बसते आणि चहा घेऊन निघते. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ऐरोलीतलं त्याचं वागणं नाटक होतं का, जात वेगळी म्हणून हे होतंय का, आणि अशा स्थितीत मूल होऊ द्यावं का.

मी ठाण्यात विवाह समुपदेशनाचं काम बरीच वर्षं करते आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली जोडपी माझ्याकडे नेहमी येतात. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: "दिवाळीनंतर आम्ही दोघंच दापोलीला गेलो होतो, तिथे मात्र तो पूर्वीसारखाच होता." हे वाक्य नसतं तर माझं उत्तर वेगळं झालं असतं. ऐरोलीनंतर रबाळे आणि मग घणसोली. दोन स्टेशनांच्या अंतरात कोणाचा स्वभाव बदलत नाही. स्वभाव बदलला असता तर तो दापोलीलाही बदललेलाच राहिला असता. म्हणून मी तुमचा प्रश्न जरा फिरवून मांडते. नवरा कसा आहे, हे तुम्हाला बऱ्यापैकी माहीत आहे. तुमच्या संसाराभोवती आता कोण उभं आहे, ते काय धरून चाललेत, आणि त्यांच्या नजरेसमोर त्याला काय करणं जड जातंय, हे पाहायचं आहे.

यावर एक जुना आणि फार चांगला अभ्यास आहे. एलिझाबेथ बॉट यांनी लंडनमधल्या २० कुटुंबांचा बारकाईने अभ्यास करून तो १९५७ साली प्रसिद्ध केला. काही घरांत नवरा-बायको कामं, मित्र, फुरसतीचा वेळ सगळं एकत्र घेतात, आणि काही घरांत 'हे बायकांचं, ते पुरुषांचं' अशी स्पष्ट रेघ असते. असं का, ते त्यांना केवळ वर्गावरून पुरतं उलगडेना. उत्तर सापडलं ते जोडप्याच्या भोवतालच्या माणसांत. ज्यांचे नातेवाईक, शेजारी आणि मित्र एकमेकांनाही ओळखत होते, त्या घरांत रेघ जाड होती. ज्यांच्या ओळखी विखुरलेल्या होत्या, ती जोडपी एकमेकांवर जास्त विसंबून होती. कारण साधं आहे. भोवतालची माणसं आपसांत बोलतात तेव्हा 'नवऱ्याने कसं वागावं, सुनेने कसं वागावं' याबद्दल त्यांचं एकमत होतं, आणि त्या एकमताचा दाब जोडप्यावर येतो. शिवाय मदतही त्याच माणसांकडून मिळते, त्यामुळे नवरा-बायकोला एकमेकांची तेवढी गरज पडत नाही. लंडनमधलं निरीक्षण घणसोलीला जसंच्या तसं लागू होतं असं मी म्हणणार नाही. पण ऐरोली सोडून घणसोलीत आलेलं तुमच्यासारखं जोडपं समोर बसलं की मला हे पुन्हा पुन्हा आठवतं.

आता कोपरखैरणे-घणसोलीतली ही माणसं इतकी घट्ट विणलेली का आहेत ते बघा. पाटण, जावळी, सांगली, कोल्हापूरकडचे तरुण मुंबईच्या घाऊक बाजारांत ओझी वाहायला आले ते एकेकटे आले नाहीत. एकाच्या ओळखीने दुसरा, एका गावची टोळी, टोळीचा मुकादम ओळखीतला, राहायला गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, पुढे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला हलले आणि माथाडींसाठी सिडकोची घरं कोपरखैरणे-घणसोली भागात झाली. अशा वस्तीत शेजारी राहणारा माणूस वडिलांबरोबर टोळीत असतो, नात्याने चुलता लागतो आणि यात्रा कमिटीतही तोच असतो. एकाच माणसाशी तीन-तीन नात्यांनी बांधलेलं असणं हे तुमच्या नवऱ्याने जन्मापासून पाहिलंय. ऐरोलीत तुमच्या समोरच्या दारात जे कोणी राहत होतं, त्यांना त्याची आई कोण, गाव कुठलं, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. इथे त्याने गॅलरीत तुमची साडी वाळत घातली तर संध्याकाळपर्यंत ती बातमी पाटणला पोचलेली असते. आणि ती हसत हसत सांगितली जाते, म्हणून तिला उत्तर देणं आणखी अवघड होतं.

पण भावकी म्हणजे फक्त दाब नव्हे. बाजारात पाठीवर पोतं घेताना माणूस जायबंदी झाला की त्याचं घर चालवायला याच लोकांनी पैसे काढलेत. मुलांच्या फिया, मुलींची लग्नं, दवाखान्यात रात्रीची सोबत, हे सगळं याच माणसांनी केलंय. तुमच्या नवऱ्याला 'त्यांचं काय ऐकायचं' असं सांगणं म्हणजे ज्यांनी आपल्याला उभं केलं त्यांच्याकडे पाठ फिरव असं सांगण्यासारखं त्याला वाटतं. तुम्ही तसं म्हणत नाही, हे मला कळतं. त्याला ऐकू मात्र तसंच येतं.

माझ्या खोलीत मी बघितलेली एक गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. एक जोडपं चुलत्यांबरोबर आलं होतं. टेबलावर पाण्याचा जग आणि पेले ठेवलेले असतात. बोलता बोलता बायकोला ठसका लागला. नवऱ्याचा हात जगाकडे गेला, मधेच थांबला, आणि त्याने तो हळूच मागे घेऊन स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. पाणी शेवटी मी दिलं. थोड्या वेळाने मी चुलत्यांना बाहेर बसायची विनंती केली. दार लागलं आणि त्याने स्वतःहून पेला भरून तिच्यापुढे सरकवला, झाकण तिच्या हाताला लागू नये म्हणून जग स्वतःकडे ओढून. काळजी आधीही होती. ती चुलत्यांसमोर दाखवायची सोय त्याच्याकडे नव्हती. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: ऐरोलीतलं वागणं नाटक नव्हतं. आणि घणसोलीतलंही पूर्ण नाटक नाही, ही गोष्ट पचवायला जास्त जड आहे. दोन्ही त्याचंच आहे. चार लोकांत 'बाईल्या' म्हणवून घेण्याची भीती खरी असते, आणि ती शिकलेल्या, चांगल्या पगाराच्या मुलालाही असते.

एक गोष्ट तुमच्या बाजूचीही बघा. तुम्ही लिहिलंय, "आमच्याकडे असं काही बंधन नव्हतं." बंधन नव्हतं असं नसतं, ते तुम्हाला दिसत नव्हतं. नौपाड्यातल्या तुमच्या घरी आई बँकेत जायची, बाबा सकाळचा चहा करायचे, पाहुणे फोन करून यायचे, नातेवाईक पुण्याला, डोंबिवलीला, कोणी परदेशात. हीसुद्धा एक रीत आहे, तिचेही नियम आहेत. न कळवता आलेल्या माणसाला तुमच्या आईने दारात घेतलं असतं, पण तिच्या कपाळावर एक आठी पडली असती. तुमच्या सासूबाईंच्या घरी न कळवता न येणारा माणूस परका समजतात. 'आधी फोन करा' हे वाक्य तुमच्याकडे शिष्टाचार आहे आणि त्यांच्याकडे दार लावणं आहे. तुमचं चुकतंय असं मला म्हणायचं नाही. तुमचं ते शहाणपण आणि त्यांचं ते मागासलेपण, अशी मांडणी मनात पक्की झाली की बोलताना ती आवाजात उतरते, आणि मग वर्गणीचा साधा हिशेबही अपमान वाटतो.

आता जात. जातीचा परिणाम आहे, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. 'आमच्यातली असती तर असं झालं नसतं' हे तुम्ही कानावरून ऐकलंय. आपल्याकडच्या नातेव्यवस्थेवर इरावती कर्वे यांनी मूलभूत काम केलं. उत्तर भारतात सून सहसा अनोळखी घरात, परक्या गावात जाते आणि दक्षिणेत बरेचदा नात्यातच देतात, महाराष्ट्र या दोन्हींच्या मधे पडतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तशी सून घरात येते तेव्हा सासू तिची सख्खी किंवा लांबची आत्या असते. तिच्या बापाचा शब्द त्या घरात आधीपासून असतो. तिला कोणी टाकून बोललं तर 'माझ्या भावाची पोर आहे' म्हणणारी एक बाई तिथे असते. नात्यातली नसली तरी कुणाच्या तरी ओळखीने आलेली असते, मध्यस्थ असतो, दोन्हीकडे बोलू शकणारा एखादा मामा असतो. तुम्ही प्रेमविवाह करून आलात. त्या पूर्ण गोतावळ्यात तुमचा म्हणावा असा माणूस एकच, तुमचा नवरा. आणि तोच त्यांचाही आहे. म्हणजे प्रत्येक प्रसंगात तुमचा वकील, त्यांचा वकील आणि आरोपी तिन्ही त्यालाच व्हावं लागतं. अशा वेळी माणसं गप्प बसतात. तुमच्या पत्रात 'तो काहीच बोलत नाही' हे वाक्य पुन्हा पुन्हा आलंय, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

यावरून परत ऐरोलीत भाड्याने जावं असं कोणी सुचवेल. मी लगेच सुचवणार नाही. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींमधली जी जोडपी माझ्याकडे येतात त्यांचं दुखणं नेमकं उलटं असतं. मजल्यावर कोणी कोणाला ओळखत नाही, दोघांचे आईवडील दुसऱ्या शहरात, रोजचा प्रवास दमवणारा, आणि मैत्री, करमणूक, आजारपण, मूल, सगळ्यांची अपेक्षा एकाच माणसाकडून. भांडण झालं की दार आपटून जायला जागा नाही आणि मधे पडायला माणूस नाही. एखाद्या रात्री खूप वाढलेलं भांडण सासूबाई सहज डबा घेऊन आल्यामुळे विझलं, असं घणसोलीत घडतं, तिकडे घडत नाही. तुम्हाला भावकीपासून सुटका नको आहे, तिच्यात जागा हवी आहे, असं मी तुमचं पत्र वाचून समजते. चुकत असेन तर सांगा.

यातलं बरंच काही तुम्ही न लिहिलेल्या गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली म्हणजे फ्लॅटचे पैसे. डाउन पेमेंटमध्ये सासऱ्यांच्या निवृत्तीच्या पैशांचा वाटा आहे का? असेल तर तुमचा हॉल त्यांच्या मनात त्यांचाही हॉल आहे, आणि तिथे येणाऱ्या पाहुण्यांकडे त्या नजरेने बघावं लागेल. हप्ता तुम्हीही भरता का, आणि करारनाम्यावर नाव कोणाकोणाचं आहे? ज्या घरांत हा हिशेब कधी मोकळेपणाने मांडलेला नसतो तिथे तो ताट उचलण्याच्या भांडणात बाहेर पडतो. दुसरी गोष्ट, सासूबाईंचं म्हणणं काय आहे? पत्रात त्या सतत आहेत, पण त्यांचं एकही वाक्य नाही. बऱ्याचदा असं निघतं की त्यांनी काही म्हटलेलंच नसतं, मुलगाच 'आईला काय वाटेल' म्हणून आधीच आवरतं घेत असतो. तिसरी, दार बंद झाल्यावर घणसोलीतच तो कसा असतो? दापोलीत चांगला होता हे कळलं. रात्री अकरा वाजता, पाहुणे गेल्यावर, तो तुमच्याशी कसा बोलतो?

तिसऱ्या प्रश्नावर फार अवलंबून आहे, म्हणून जरा थांबते. बंद दाराआड तो मऊ असेल, लाजत असेल, 'अगं, त्यांच्यासमोर नको' म्हणत असेल, तर आतापर्यंत लिहिलेलं सगळं तुम्हाला लागू आहे. पण तिथेही तुच्छतेने बोलत असेल, हात उगारत असेल, पगार काढून घेत असेल, माहेरी फोन करू देत नसेल, तर कृपा करून त्याला रीत, संस्कार, गावाकडची पद्धत अशी नावं देऊ नका. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा मारहाणीबरोबर मानसिक छळ आणि पैशाची अडवणूकही हिंसाच मानतो. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार देता येते. अशा ठिकाणी मी जोडप्याला एकत्र बसवून बोलत नाही, आधी बाईची सुरक्षितता बघते. त्याच वस्तीत, त्याच भावकीत बायकोला जपणारे कितीतरी पुरुष मी पाहिलेत, त्यामुळे 'आमच्यात असंच असतं' हे मी कोणाचंच ऐकून घेत नाही.

तुमचं पत्र मला त्या प्रकारातलं वाटत नाही, म्हणून पुढे काय करता येईल ते लिहिते.

बोलायचं ते घणसोलीत बोलू नका. ऐरोलीच्या खाडीकडे जा, नाहीतर ट्रेनने ठाण्याला या आणि तलावपाळीला बसा, पण जिथे दार वाजणार नाही असं ठिकाण घ्या. 'तू बदललास' या वाक्याने सुरुवात केली की तो स्वतःचा बचाव करत बसेल. 'लोकांसमोर तुला काय जड जातं?' असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. मी स्वतः दोघांना एक काम देते: आपापल्या घरातल्या तीन पिढ्या कागदावर मांडायच्या, कोण कुठून आलं, घरात पैसा कोणाच्या हातात होता, स्वयंपाकघरात कोण जायचं, कोणाचं लग्न भावकीला पसंत नव्हतं आणि पुढे त्यांचं काय झालं. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. जवळजवळ प्रत्येक घरात असा एखादा काका किंवा मावशी निघते, आणि तिची गोष्ट ऐकताना नवऱ्याच्या भीतीला चेहरा मिळतो.

मग कामांची वाटणी करा, पण दोन भागांत. लोकांसमोर आणि लोकांमागे. लोकांसमोर त्याने पहिल्या दिवसापासून भांडी घासावीत असा हट्ट धरू नका. स्वतःचं ताट उचलणं आणि पाहुण्यांना पाणी देणं, एवढंच आधी मागा. लोकांमागे मात्र ऐरोलीसारखीच पूर्ण वाटणी, तिथे सवलत नाही. काहींना हे दुटप्पी वाटतं. मला वाटत नाही, कारण घट्ट वस्तीत बदल नेहमी छोट्या, नजरेला सवय होईल अशा गोष्टींनी येतो. एका घरात ताट उचललेलं दिसलं की दुसऱ्या घरातली सून त्याचा दाखला देते.

तुमच्या बाजूने बोलणारी एक बाई त्या भावकीत शोधा. सासूच असायला हवी असं नाही. एखादी चुलतजाऊ, मोठी नणंद, नोकरी करणारी चुलतसासू. आत्या असलेल्या सासूची जी जागा तुमच्याकडे रिकामी आहे ती अशा बाईने भरते. त्यासाठी यात्रेला जा. पूर्ण आठवडा नको, दोन दिवस जा, पण मनापासून जा, पोळ्या लाटायला बसा, बायकांचं बोलणं ऐका. वर्गणीसाठी वर्षाची एक रक्कम दोघांनी मिळून आधीच ठरवा. घरटी किती आहे ते कळलेलंच असतं, तेवढं बाजूला ठेवलं की दर वेळी वाद होत नाही. त्याच्या बदल्यात तुमच्या आईचा मुक्काम मागा. चहापुरतं येणं नको, शनिवारी येऊन रविवारी जाणं हवं. आणि हे सासूबाईंना सांगायचं काम त्याचं. आपापल्या माणसांशी आपण बोलायचं, हा नियम मी जवळजवळ कोणालाच मोडू देत नाही. सुनेच्या तोंडून आलेली गोष्ट तक्रार होते, मुलाच्या तोंडून आलेली तीच गोष्ट घराची बातमी होते. तुमच्या आईशी मात्र तुम्ही बोला. ती अवघडून लवकर उठते, त्यालाही तिकडे 'आपल्याला कमी लेखतात' असंच समजलं जात असणार.

न कळवता येणाऱ्यांचं पूर्ण थांबणार नाही, हे आत्ताच मान्य करा. पण आठवड्यातले दोन दिवस तुमची ऑफिसची गडबड असते, त्या दिवशी घरी कोणी नसतं, एवढी माहिती वस्तीत पसरली की लोक आपोआप इतर दिवशी येतात. जी वस्ती साडीची बातमी पाटणला नेते, ती हीही नेईल.

मुलाबद्दल. नातं सावरावं म्हणून मूल होऊ देऊ नका. आणि नातं पूर्ण सावरेपर्यंत थांबायचं ठरवलं तर तो दिवस कधी येईल तेही सांगता येत नाही. मी बघते ते एवढंच की काही गोष्टी आधी बोलून झाल्यात का. बाळंतपण नौपाड्याला की घणसोलीला? तुमची पगारी रजा २६ आठवड्यांची असेल, ती संपल्यावर बाळ कोणाकडे? दहा मिनिटांवर आजी आहे हे नवी मुंबईत नोकरी करणाऱ्या बाईला मोठं बळ आहे. पण बाळाबरोबर आजीच्या रीतीही येतील, टाळू भरण्यापासून दृष्ट काढण्यापर्यंत, आणि आज ताटावर जो वाद आहे तो उद्या बाळाच्या अंगाला तेल कोणतं लावायचं यावर येईल. यात्रेचे दोन दिवस, आईचा मुक्काम आणि लोकांमागची वाटणी, एवढं सहा महिने नीट चाललं तर माझ्या मते तुम्ही पुढे जायला हरकत नाही. सहा महिन्यांनी तो अजून एकही गोष्ट स्वतःच्या तोंडाने घरी बोललेला नसेल, तर थांबा.

तेव्हा किंवा त्याआधीही समुपदेशकाकडे जायचं ठरलं तर पहिल्या भेटीला दोघांनीच जा. चुलत्यांना किंवा आईला बरोबर घेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. त्यांना बोलावायचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या भेटीला, आणि तेही काय विचारायचं ते तुम्ही दोघांनी आधी ठरवून. फ्लॅटच्या पैशांचा आणि सासूबाईंचा माझा प्रश्न आहेच. त्यांची उत्तरं लिहिलीत तर यातलं काही मला बदलून सांगावं लागेल.